दुरुस्तीपत्रावरची दुसरी सही

गुरुवार, सकाळचे सात चाळीस. गणित विभागातल्या खिडकीजवळच्या टेबलावर प्राध्यापिका दुरुस्तीपत्राचा तिसरा खर्डा लिहीत आहेत. चूक एकोणीस वर्षांपूर्वीच्या लेखातली. लेखावर नावं दोन: त्यांचं आणि त्यांच्या सरांचं.

प्रश्न असा होता. दोन द्रव्यांचं मिश्रण थंड होताना वेगळं होऊ लागतं. त्यातला प्रत्येक बिंदू शेजाऱ्याचंच नव्हे, लांबच्यांचंही ऐकतो. अमाप वेळ गेल्यावर ते एका रूपावर स्थिरावतं का? दोघांनी 'हो' असं सिद्ध केलं होतं, आणि सरांचं नाव झालं ते याच निकालामुळे. गेल्या आठवड्यात वर्गासाठी उजळणी करताना प्राध्यापिकांना दिसलं, की सिद्धता काही निवडक क्षणांवरच उभी आहे. त्या क्षणी मिश्रण स्थिरावताना दिसतं. मधल्या वेळात ते भरकटत नाही, हे दोघांनीही तपासलं नव्हतं.

नियतकालिकाला दोघांच्या सह्या हव्यात. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, स्मृतिभ्रंशाचं तिसरं वर्ष. प्राध्यापिका दर गुरुवारी चारला त्यांच्याकडे जातात. आजार फारसा पुढे सरकलेला नाही, असं प्राध्यापिका सगळ्यांना सांगत.

"आलीस? खडू आणलास, की नुसतीच आलीस?" दाढी केलेले सर खुर्चीत ताठ बसले होते.

प्राध्यापिकांनी लेख, दुरुस्तीपत्र आणि सहीसाठी पेन पुढे केलं. पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव वाचूनही सर थांबले नाहीत. चार मिनिटांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"निवडक क्षण घेतलेत. मधल्या वेळेचं काय? या गाढवांना शिकवलं कुणी?"

"चांगल्या माणसानं, सर."

"मग त्याचं नाव बुडवलं यांनी." त्यांनी पेन परत दिलं. "दुसऱ्याच्या चुकीवर मी सही करत नाही."

स्वयंपाकघरात सरांच्या पत्नी, काकू, चहा गाळत होत्या.

"तू यायची म्हणून दुपारी त्यांना झोपवून ठेवते. मग दाढी, इस्त्रीचा सदरा. बाकी सहा दिवस मला विचारतात, बाई, तुमचे यजमान कधी येणार?"

"मला कधी बोलला नाहीत."

"आठवड्यातून एकदा तरी या घरात कुणी हसावं, म्हणून गं."

प्राध्यापिकांनी तिथेच खर्ड्यात एक ओळ वाढवली: सहलेखक सही करण्याच्या स्थितीत नाहीत. मग कप विसळून ठेवला.

"उद्या येते, काकू."

"उद्या शुक्रवार. दाढी केलेली नसेल."

"असू दे."

शुक्रवारी प्राध्यापिकांचा शेवटचा तास तीन वाजून दहा मिनिटांनी संपतो.