आईच्या फोनवरचा मेंढपाळ

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी आजवर फक्त हसत आले. देवऋषी, उतारा, बाहेरची बाधा... घरात कुणी असला विषय काढला की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण आता कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी मोबाईल गेम्ससाठी चित्रं आणि आयकॉन काढते. दहिवडीत एसटी स्टँडच्या मागे आमच्या दोन खोल्या आहेत. तिथूनच पुण्याच्या एका स्टुडिओचं काम करते. घरात आई आणि मी. माझा मोठा भाऊ नाथा मुंबईत टेम्पो चालवायचा. गेल्या दिवाळीला येतो म्हणाला आणि आलाच नाही. फोन बंद. मालक म्हणतो, पगार घेऊन गावी गेला. पोलिसांत तक्रार देऊन झाली, खेटे घालून झाले. काही नाही.

अशात एका मेंढपाळाच्या गेमचा आयकॉन माझ्याकडे आला. लाल फेटा, झुपकेदार मिशा, गोबरे गाल, मोठ्ठे डोळे. आमचा दादा काडीसारखा बारीक, मिशी त्याने कधी ठेवली नाही. आयकॉन मोठ्या स्क्रीनवर नेहमीच झकास दिसतो. तो नखाएवढा झाला की खरी परीक्षा. म्हणून टेस्टिंगला मी गेम आईच्या जुन्या, चरे पडलेल्या फोनवर टाकते.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. "आगं, ह्यो तर आपला नाथा हाय!"

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी म्हणते, "दाढी वाढलीया त्येची." मग, "लय वाळलाय गं."

"आई, चित्र आहे ते! मी काढलंय. त्याला दाढी कुठून येणार?" मी खेकसलेच. तिचे डोळे तपासून आणले — चष्म्याचा नंबर तोच. मग सोडून दिलं. कारण आई पुन्हा दोन घास जेवायला लागली होती. सकाळी चहा घेताना त्याच्याशी बोलायची. मला तेवढं पुरे होतं.

एका दुपारी मी जेवायला हाक मारली, तर ती फोन मांडीवर घेऊन नुसती बसलेली.

"डोळं मिटल्यात त्येनं," म्हणाली.

मी फोन हिसकावून घेतला. फेटा तोच, मिशा त्याच... आणि पापण्या खाली. लॅपटॉपवर मूळ फाईल उघडली — डोळे टक्क उघडे. स्टुडिओतल्या मैत्रिणीला तिच्या मोबाईलवर बघायला लावलं. तिथेही उघडे. गेम काढून पुन्हा टाकला. आईच्या फोनवर मिटलेलेच.

"तूच काढलंस न्हवं त्येला?" आई म्हणाली. "मग डोळं उघड की त्येचं."

तेव्हापासून मी तेच करतेय. बुबुळं मोठी केली, पापण्या पार पुसून टाकल्या. स्टुडिओने दुसऱ्याचा आयकॉन लावून गेम केव्हाच बाजारात आणला, माझी फाईल मात्र अजून चालू आहे. प्रत्येक वेळी आईच्या फोनवर टाकते आणि प्रत्येक वेळी पापण्या खाली.

याचं कारण मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असलं, तरी मला ऐकायचं नाही... मी फार थकलेय. रोज संध्याकाळी आई माझ्या शेजारी येऊन बसते आणि विचारते, "झालं का गं?"

मी सांगते, "थोडंच राहिलंय."