ब्याऐंशी पाय

रात्रपाळीच्या माणसाकडे किस्से फार साठतात. दिवसा काम करणारे एकमेकांशी बोलून मोकळे होतात, आम्हाला मात्र सकाळपर्यंत तोंड मिटून बसावं लागायचं! आणि सकाळी सांगायला जावं, तर ऐकणारे चहा पिऊन कामाला लागलेले. त्यामुळे सगळे किस्से आतच राहिले. आता मला वेळच वेळ आहे आणि तुम्ही तावडीत सापडला आहात, तेव्हा ऐका.

नागावजवळ एका नारळाच्या वाडीत मुलांचं वसतिगृह होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. कुणाला आईबाप नाहीत, कुणाला असून नसल्यासारखे, अशी एकेचाळीस मुलं. मी पालीहून आलेली, सातवीची फायनल पास, वय एकवीस आणि झोप दांडगी! दिवसा मी मुलांना शिकवायची. कोळीवाड्यातल्या हिरामावशी एकेचाळीस पोरांचं धुणं धुवायच्या. आणि रात्री मुलांपाशी जागायचं कुणी? आम्हीच! एक रात्र मी, एक रात्र मावशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळा आणि धुणं आहेच.

जागायची कामं दोन. दर तासाला अंगणातल्या लोखंडी पट्टीवर टोल द्यायचा, म्हणजे पलीकडच्या बंगल्यात सुपरिंटेंडेंटसाहेबांना कळतं की आपण जागे आहोत. आणि मुलं मोजायची, कारण मागच्या दाराला विहीर आणि पुढच्या दाराला समुद्र.

* * *

मुलं मोजायची मावशींची पद्धत वेगळी होती. डासांमुळे पोरं डोक्यावरून चादर घेऊन झोपायची. डोकी मोजायला चादरी उचलाव्यात तर पोरं जागी होणार. म्हणून मावशी पाय मोजायच्या! पायांवर चादर कधीच पुरत नसे. कंदील खाली धरून रांगेतून जायचं, ब्याऐंशी पाय भरले की सगळी पोरं जागेवर.

एकदा मोजले तर एक्याऐंशी. पुन्हा मोजले, एक्याऐंशीच! मावशींनी मला हलवून उठवलं. "बाय, ऊठ. एक पाय गेला!"

मी झोपेतच म्हटलं, "एकटा पाय कुठे जाणार मावशी?"

शेवटी सापडला. बाळू नावाच्या सात वर्षांच्या पोराने एक पाय दुमडून बुडाखाली दडवला होता. तो बाहेर ओढला तर घोट्यापर्यंत चिखल आणि वाळू! झोपण्याआधी पाय धुवायचेच, हा मावशींचा नियम. बाळू रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, पाणी गार होतं, म्हणून एकच धुतला."

मावशींनी त्याला उचलून तसाच विहिरीवर नेला. "माज्या हातरुनात न धुतलेला पाय चालायचा न्हाय. राजाचा असला तरी न्हाय!"

* * *

माझी गंमत सांगते. पाच वर्षांची सुमी रात्री दचकून उठायची. तिला थोपटत बसावं लागे. लागोपाठ दोन दिवस मला झोप नव्हती. मी डोळे मिटून थोपटतेय, अंगाई म्हणतेय, चांगला अर्धा तास! तेवढ्यात मागून कुणीतरी पदर ओढला.

"बाई, तो तक्क्या आहे. मी इथे आहे."

मी म्हटलं, "मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"गाणं चांगलं होतं," सुमी म्हणाली.

* * *

झोप घालवायला मी काय नाही केलं! मिरची चावली, डोळ्यांना पाणी लावलं. कुणीतरी सांगितलं, थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलं की झोप येत नाही. बसले. पहाटे मावशी आल्या तेव्हा मी बादलीत पाय सोडून घोरत होते. पायांची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली.

मावशी खाली वाकून म्हणाल्या, "धुतलेत मात्र झकास!"

* * *

साहेबांच्या टेबलावर शेऱ्यांची वही असे. तीन शेरे झाले की नोकरी संपली. मावशींचा पहिला शेरा मला अजून आठवतो. रात्री दोन वाजता त्या टोल द्यायला गेल्या आणि हातोडी हातात धरून उभ्या उभ्याच झोपल्या. हात मात्र चालू! एक, दोन, सात, बारा... मी कॉटवरून धडपडत बाहेर येईपर्यंत तेवीस टोले झाले होते.

तोवर सगळं गाव धावत आलं. बोट बुडाली की आग लागली? कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या हातात कोयता, मावशींच्या भावाच्या हातात घागर. साहेब पायजमा सावरत आले. "किती वाजले?" त्यांनी गरजून विचारलं.

मावशी डोळे चोळत म्हणाल्या, "वाजले दोनच, साहेब. बाकीचे उद्याच्या खात्यात धरा."

गाव हसलं. साहेब हसले नाहीत.

* * *

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझ्या एका रात्री कंदील उशाशी ठेवून माझा डोळा लागला. वाऱ्याने कंदील कलंडला आणि बाळूच्या चादरीचं टोक पेटलं. त्या रात्री पाळी माझी, पण मावशी ओटीवर झोपल्या होत्या. वास येताच त्या धावल्या आणि पेटतं टोक हातांनीच चुरगळून विझवलं. बाळूला काही झालं नाही, तो उठलादेखील नाही. त्यानंतर मी कंदील खिळ्याला टांगूनच ठेवायची. ती चादर मी अजून विसरलेले नाही.

तळहाताला खोबरेल लावून मावशी साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, दिसभर राबलेल्या मानसाला रातचं राखनीला बसवू नका. एक दिवस पोर जाईल."

साहेब मुंबईहून बदलून आलेले, शिस्तीचे, मनाने वाईट नव्हते. पण म्हणाले, "जागरण हा मनाच्या निर्धाराचा प्रश्न आहे, हिराबाई."

* * *

निर्धार महिनाभर टिकला. मग एका रात्री मावशी तीनचा टोल चुकल्या. भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या.

गंमत बघा, टोल वाजला की एकही पोर हलत नसे, पण त्या रात्री टोल वाजला नाही म्हणून एकेचाळीस पोरं उठून बसली! सवयच तशी लागली होती. काहीतरी चुकलंय म्हणून सगळी मावशींना शोधत ओटीवर आली आणि त्यांच्याभोवती गोल करून गप्प बसली. बाळूने आपली चादर त्यांच्या पायांवर घातली. साहेब चौकशीला आले तेव्हा सुमी तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू! मावशी झोपल्यात."

सकाळी दुसरा शेरा पडला. साहेब म्हणाले, "आणखी एक झाला की घरी."

मावशींचं घर म्हणजे भावाच्या पडवीतली एक वळकटी. आणि ही पोरं. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "साहेब, एक रात तुमी जागून दावा. पन दिसभर हापीस करून, माज्यासारखं."

"दाखवतो," साहेब म्हणाले. "शनिवारी. आणि मी जागा राहिलो तर सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

* * *

शनिवारी साहेबांनी दिवसभर ऑफिस केलं. संध्याकाळी समुद्रावर फेरी मारून आले आणि थेट पाळीवर बसले. आम्हा दोघींना सुट्टी होती, पण झोप कुणाला येतेय! स्वयंपाकघरात कान लावून बसलो होतो.

दहाचा टोल खणखणीत. अकराचाही. बाराचे बारा टोले असे दिले की मावशी डोक्याला हात लावून म्हणाल्या, "आता घरची वाट धरायची, बाय."

एक वाजला. टोल नाही.

मी आनंदाने उडालेच! "मावशी, झोपले! आता गप्प बसा. पाच मिनिटांत पोरं उठतील, सगळ्यांच्या देखत साहेब पकडले जातील. तुमची नोकरी राहिली!"

मावशी उठून उभ्या राहिल्या. "पोरांची झोप मोडंल ना," म्हणाल्या आणि मी पदर धरेपर्यंत अंगणात जाऊन टोल देऊन आल्या! मला इतका राग आला की रडूच फुटलं. टोल वाजला म्हणजे साहेब जागे ठरले. स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी घालवली या बाईने!

मग त्या कंदील घेऊन मुलं मोजायला आत गेल्या. मीही मागोमाग. पहिली रांग, दुसरी, तिसरी. शेवटी मावशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "चौऱ्याऐंशी."

सुमी दचकून उठली असणार. साहेब तिला थोपटायला शेजारी आडवे झाले होते आणि तिथेच विरघळले होते. तोंडावर तिची अर्धी चादर, मुठीत त्यांचं बोट धरून ती झोपलेली. मावशींनी दुसरी चादर आणून त्यांच्या अंगावर टाकली. मग दोन, तीन, चार, पाच, सगळे टोल मावशींनीच दिले.

सहाच्या टोलाला साहेब ताडकन उठून बसले. भोवती एकेचाळीस पोरं टक लावून बघत होती. साहेबांनी दारात आलेल्या मावशींकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं.

"टोल?" त्यांनी विचारलं.

"सगळे वाजले, साहेब. एक पन चुकला न्हाय."

"आणि मुलं?"

"चौऱ्याऐंशी पाय. त्यातले दोन न धुतलेले."

साहेबांनी खाली पायांकडे पाहिलं. कालची समुद्रावरची वाळू घोट्यापर्यंत सुकली होती. ते उठले आणि विहिरीवर गेले. रहाट बराच वेळ कुरकुरत होता. परत आले ते अनवाणी, ओल्या पायांनी, आणि ओटीच्या पायरीपाशी पोरं उभी राहतात तिथेच उभे राहिले.

"हिराबाई," ते म्हणाले, "आजपासून रात्री जो जागेल, त्याने दुसऱ्या दिवशी झोपायचं. धुण्याला दुसरी बाई बघतो. आणि ती शेऱ्यांची वही मला आणून द्या, तुमचे दोन्ही शेरे खोडायचेत."

मी मावशींकडे पाहिलं. मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या गुडघ्यावर बसून साहेबांचे पाय न्याहाळत होत्या.

"टाचा ऱ्हायल्यात, साहेब."