ओळखीची हाक

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी राहणाऱ्या काळ्या नावाच्या कुत्र्याच्या मानेवर जखम झाली आहे आणि तिच्यात किडे पडले आहेत. वॉचमन शिंदेकाका दोन दिवस औषधाची बाटली घेऊन त्याला बोलावत आहेत. तो दहा पावलांवर थांबतो, शेपटी हलवतो, पण जवळ येत नाही.

"माजलाय मेला," तळमजल्यावरच्या जोशीबाई म्हणाल्या.

"माजला नाही हो बाई. मागच्या महिन्यात नसबंदीची गाडी आली, तेव्हा हा सापडेना. ती माणसं म्हणाली, काका, तुम्ही हाक मारा, तुमचं ऐकतो. मी मारली. धावत आला. माझ्या पायाशी असतानाच जाळं पडलं."

न येणाऱ्या कुत्र्याला आपण हट्टी ठरवतो. ते पूर्वी हाकेला आलं तेव्हा त्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. काकांनी त्याच्या भल्यासाठीच बोलावलं होतं. पण कुत्र्यापर्यंत हेतू पोचत नाही, फक्त आवाज पोचतो.

जोशीबाईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "द्या इकडे ती बाटली. मी बोलावून बघते."

काका केबिनच्या मागे जाऊन उभे राहिले. ते दिसेनासे झाल्यावर काळ्या दोन पावलं पुढे आला.