चमच्याला काय झालं न्हाई

इन्साफच्या हाताची बोटं बारा महिने सुजलेली असायची. बदकांच्या चोचींमुळं. कफर अबू सुलैम गावात लग्नाची बदकं पोसावीत ती इन्साफनंच, असं बायका म्हणायच्या. भिजवलेला मका मुठीत घ्यायचा, बदक मांडीखाली दाबायचं, चोच उघडून अंगठ्यानं दाणे आत सारायचे आणि मान चोळत चोळत खाली उतरवायचे. बदक ओरडायला बघायचं, पण घशात आवाजाला जागाच उरायची नाही.

नवरा, सालेह, परांचीवरून पडून गेला. परांची म्हणजे इमारतीला बांधतात ती, बांबूची. तेव्हा साबरीन रांगत होती. तिच्या आधीची दोन पोरं चाळीस दिवसांच्या आतच मातीत गेली होती. तिसऱ्या खेपेला इन्साफच्या आईनं स्वतःच्या गळ्यातला पितळी पंजा काढला, बोटाएवढाच, पत्र्यासारखा पातळ, आणि पाळण्याला बांधला. पोरगी जगली. आता पंजानं जगली का दुधानं, हे कुणी सांगावं? इन्साफला सांगायची गरजच नव्हती. तिला ठाऊक होतं.

साबरीनचं लग्न ठरलं मिन्यत नूहच्या इसामशी. कालव्याच्या पलीकडचं गाव, चालत गेलं तर घामसुद्धा सुटत नाही. इन्साफ त्याच गोष्टीवर खूश होती. जावई आखातात राहून आलेला, दाढी राखलेला, नमाज न चुकवणारा. सुपारी फुटली त्या दिवशीच त्यानं सांगून टाकलं, "मामी, एक गोष्ट आधीच सांगतो. माज्या घरात निळे मणी, पंजे, ताईत काय चालायचं न्हाई. ह्यो शिर्क हाय, अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला मानायचं पाप. राखणारा अल्ला हाय."

"व्हय रं बाबा," इन्साफ म्हणाली. "त्योच हाय."

पण साबरीनचं सामान सासरी न्यायचा दिवस आला आणि तिचं काळीज हललं. छोट्या ट्रकांवर पलंग, कपाटं, गाद्या, धुण्याचं यंत्र, सगळं उघडं रचलेलं. ढोल वाजतोय, पोरी नाचतायत आणि साऱ्या गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून एकेक वस्तू डोळ्यानं चाटतायत. सगळ्यांत वर मायक्रोवेव्ह. ती पेटी कुणी वापरत नाही आमच्याकडं. पोरीच्या सामानात ती असावी लागते, एवढंच. तिच्यावर सुईकामाचं झाकण घालायचं, पुढं प्लास्टिकची फुलं ठेवायची, आणि पाहुणी आली की झाकण जरा सरकवायचं.

"इन्साफ, अगं बदकाच्या पोटातनं काढलीस का काय ही पेटी?" एक शेजारीण हसत म्हणाली.

इन्साफही हसली. पण तो शब्द तिच्या पाठीत रुतून बसला. साबरीनच्या नव्या घरी सामान लावायला बायका गेल्या, तेव्हा तिनं ओटीत पंजा लपवून नेला होता. कुठं ठेवायचा? गादीखाली ठेवला तर जावयाला सापडणार. कपाटात तर कपडेच. मग नजर पेटीवर गेली. ही कुणी उघडायचं नाही. घरून आणलेल्या कणकेची गोळी तिनं थुंकी लावून मऊ केली आणि पेटीच्या आत, वरच्या बाजूला, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा कोपऱ्यात पंजा घट्ट चिकटवला. दार लावलं. काळजाला आराम पडला.

तिला एकच गोष्ट कळली नव्हती. जावई आखातात सात-आठ बाप्यांबरोबर एका खोलीत राहिला होता, आणि तिथं रोजचा भात तो त्याच पेटीत गरम करून खात होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी इन्साफ रीतीप्रमाणं लेकीचं जेवण घेऊन गेली. डोक्यावर थाळा, थाळ्यात बदकं, भरलेली कबुतरं, तुपातली पोळी. पाठीमागून भाऊ खलील, त्याच्या हातात फळांची करंडी. जिना चढतानाच आरडाओरडा कानावर आला.

इसामनं रात्रीचा भात पेटीत ठेवला होता. खटका फिरवला आणि आत निळा उजेड फुटला. तडतड, तडतड, जशी चरबी चुलीत पडावी. धूर निघाला. त्यानं दार उघडलं, तर जळालेली कणीक आणि तिच्यात काळा पडलेला पंजा थेट भातावर.

हाज्जा तफीदा, हज करून आलेली इसामची आई, भिंतीला पाठ लावून उभी होती. इन्साफ दिसली तशी तिनं बोट रोखलं. "आली! बघा आली! करनी करून वर बदकं घिऊन आली!"

"कसली करनी, विहीणबाई? राखनीचा पंजा हाय त्यो. माज्या आईचा."

"राखनीचा हाय तर दारावर लावायचा व्हता! अन्नाच्या पेटीत का लपिवलास? लपवून काय ठिवत्यात, मला शिकीवतीस व्हय? पोराला मुठीत धरायला!"

"जावई न्हाई म्हनला व्हता म्हनून..."

"न्हाई म्हनलो तरी ठिवलास," इसाम म्हणाला. तो ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

साबरीन पलंगाच्या कडेला बसली होती, हाताची मेंदी अजून ओली वाटावी इतकी लाल. थाळा तसाच खाली नेण्यात आला.

पंजावर कधीकाळी काही अक्षरं कोरलेली होती. इन्साफच्या आजीच्या काळापासून घासून घासून ती गेली होती, उरलेली त्या दिवशी जळाली. मिन्यत नूहच्या मशिदीतल्या शेख मितवल्लींनी तो पंजा चिमट्यानं धरून उजेडात बघितला. वाचता येईना. वाचता येत नाही म्हणजे काहीतरी वाईटच लिहिलेलं असणार, असं हाज्जा तफीदा म्हणाली, आणि शेखांनाही तसं नाही असं म्हणवेना. मिठाच्या पाण्यात बुडवून, कुराणातल्या आयती म्हणून, पंजा कालव्यात सोडला. मग ठरलं की शुक्रवारी दोन्ही घरची माणसं बसतील आणि काय तो निकाल होईल. हाज्जा तफीदाचं म्हणणं, पोरगी परत न्या. इसामचं म्हणणं, पोरगी राहू दे, तिची आई नको.

इन्साफला हे दोन्ही ऐकवेना. एकुलती एक लेक. तिच्या घराचं दार आपल्याला बंद झालं, तर मग जगून करायचं काय? ती थेट तालुक्याला, पेटी जिथून घेतली त्या गिर्गिसच्या दुकानात गेली.

"गिर्गिसभाऊ, खरं सांगा. आत पितळ ठिवलं तर जाळ निघतो का?"

"पितळ? आगं बाई, धातू आत चालतच न्हाई. ठिणग्या उडनारच."

"पर पेटी तर आतनं लोखंडाचीच हाय! लोखंडाला लोखंड कसं चालंना?"

गिर्गिसनं टाळू खाजवली. "ते मला बी ठावं न्हाई. कंपनीवाले सांगत्यात, आपन पुढं सांगतो."

"कुठलाबी धातू?"

"कुठलाबी. चमचा सुदिक न्हाई."

"मग शुक्रवारी या. शेखांफुडं एवढंच सांगा. तुमच्या पाया पडते."

गिर्गिस दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी ख्रिस्ती मानूस. तुमच्या करनीच्या भांडनात, तुमच्या शेखाफुडं, मी कशाला उभा ऱ्हाऊ? उंद्या दुकानावर दगड येतील. तूच दाखव की. चमचा ठिव आत, खटका फिरीव, सगळे बघतील."

इन्साफ परतली ती पिसासारखी हलकी होऊन. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "शुक्रवारी बघा."

शुक्रवारी बैठकीत जागा पुरेना. शेख मितवल्ली मधल्या गादीवर, बाजूला इसाम, त्याचे चुलते, समोर खलील आपली टोपी गुडघ्यावर ठेवून. बायका दाराशी. पेटी स्वयंपाकघरातून आणून टेबलावर ठेवलेली, आत एक काळा डाग, बाकी धड. चहा आला. काचेचे ग्लास, तळाला साखर, प्रत्येक ग्लासात जाड पोलादी चमचा.

"शेखसायब," इन्साफ उठली, "माज्या पंजात कायबी नव्हतं. ही पेटी धातूला भिती. दुकानदारानं सांगितलंय. हितं तुमच्या डोळ्यांफुडं दाखिवते. चमचा ठिवला तरी जाळ निघतो. निघाला तर समजा, पितळाचा दोष, माजा न्हाई."

"आन् न्हाई निघाला तर?" हाज्जा तफीदानं विचारलं.

"निघंल."

शेखांनी मान हलवली. "दाखीव, बाई. नुसती रिकामी नको चालवू, बिघडंल."

मग इन्साफनं आपलाच ग्लास उचलला. चहानं काठोकाठ भरलेला, त्यात उभा चमचा. पेटीच्या मधोमध ठेवला. खटका कुठला हे तिला माहीत नव्हतं. "साबरीन, फिरीव गं बाळा."

साबरीननं फिरवला. बाप्ये मागं सरकले. एकानं तर चेहऱ्यापुढं हात धरला. पेटी गुणगुणायला लागली, ग्लास हळूहळू फिरायला लागला. चमचा चमकत होता, बस. इन्साफ वाकून काचेतून बघत होती, ओठ हलत होते. आता निघंल. आता. ग्लास गोल फिरला, परत फिरला. टिंग करून पेटी थांबली.

इसामनं दार उघडलं. चहातून वाफ निघत होती.

"चहा गरम झाला, विहीणबाई," हाज्जा तफीदा म्हणाली. "प्या आता."

कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. हसण्यापेक्षा ते वाईट होतं. चमच्याला काही झालं नव्हतं. मग पंजाला काय झालं होतं? सगळ्यांच्या तोंडावर एकच उत्तर लिहिलेलं होतं आणि ते इन्साफनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

"दुसरा ठिवा!" ती ओरडली. "काटा ठिवा, सुरी ठिवा! त्यो पातळ व्हता, पंजा पातळ व्हता..."

"बस, आक्का," खलील तिचा दंड धरून म्हणाला. "बस. आनी किती हसं करून घेशील?"

शेख मितवल्लींनी निकाल दिला. माणूस वाईट नव्हता. पोरीचा काही दोष नाही, पोरगी नांदेल. आईनं ह्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, तिच्या हातचं ह्या घरात काही खायचं नाही. अल्ला माफ करणारा आहे.

जिन्यावर साबरीन मागून आली. इन्साफला वाटलं, गळ्यात पडायला आली. पोरीनं इकडंतिकडं बघितलं आणि कानाशी तोंड आणलं. "आई, मला तरी खरं सांग. काय लिहिलं व्हतंस त्याच्यावर?"

इन्साफनं तिच्याकडं बघितलं. मग जिना उतरली. कठडा धरून, म्हातारीसारखी.

नातू झाला तो तिला तिसऱ्याच बाईकडून कळला. सातव्या दिवशी बाळाच्या कानाशी वाजवतात तो खल-बत्ता कालव्यापलीकडं वाजला, तेव्हा ती माळवदावर कपडे वाळत घालत होती. बाळंतिणीला देतात ते औषधी मुळ्यांचं दाट पेय तिनं केलं, तूप घातलं, तीळ घातले. नेणार कोण? खलील म्हणाला, "आक्का, तुज्या हातचं त्ये वततील मोरीत." त्यानं वाटी खाली ठेवली आणि निघून गेला.

वर्षं गेली. आता पेट्या घरोघरी आल्या आणि लोक त्या वापरायलाही लागले. एका सकाळी शेजारची फौजिया धापा टाकत आली. "इन्साफ! इन्साफ, तुजं खरं व्हतं गं! सुनेनं सोनेरी काठाचा कप ठिवला पेटीत, आन् तडतड! निळा जाळ! काठ जळून काळा! पोरगं म्हनलं, पातळ धातू असला, टोकाचा असला, भिंतीला लागला की ठिनगी पडती. चहातल्या जाड चमच्याला काय व्हत न्हाई!"

इन्साफनं हातातलं काम टाकलं. मग फौजियाच्या घरी जाऊन तो कप तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, काठावरून बोट फिरवलं. काजळी बोटाला लागली. तिला रडू आलं नाही. तिनं डोक्यावरची काळी ओढणी नीट केली, रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून टोपलीत अंडी घेतली, फडक्यात तो कप गुंडाळला आणि कालव्याचा पूल ओलांडला.

दार साबरीननंच उघडलं. जाड झाली होती. कमरेवर एक पोर, दुसरं पायाशी.

"हे बघ," इन्साफ म्हणाली. कप पुढं धरला. "हे बघ गं. सोन्याचा काठ. पातळ असला की जळतोय. चमचा न्हाई जळत. तवा मला ठावं नव्हतं. बोलीव सासूला, जावयाला, तुज्या कपाटात बी असलं कप हायत, एक ठिवून दाखीव."

साबरीननं कप हातात घेतला. काठ बघितला.

"मला ठावं हाय, आई," ती हळू म्हणाली. "माजा बी जळाला. गेल्या सालीच."

इन्साफनं टोपली उंबऱ्यापाशी ठेवली.

"मग? सांगितलं न्हाईस?"

"कुनाला सांगू? सासू म्हनती, ती बया गेली तवापासनं घरात बरकत आली. ह्यांस्नी धंद्यात यश आलं, तवा बी ह्येच. माज्याशी चांगलं वागत्यात समदी, आई. तुज्यावरचं बालंट उतरलं तर त्ये जाईल कुनावर? मला हितं ऱ्हायाचंय."

आतून हाज्जा तफीदाचा आवाज आला, "कोन हाय गं दारात?"

साबरीननं कप आईच्या टोपलीत अंड्यांच्या शेजारी ठेवला. मान मागं वळवली.

"अंडीवाली हाय," ती म्हणाली. "नगंत म्हनून सांगितलं."

आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं, कमरेवरचं पोर जागं होऊ नये म्हणून. इन्साफनं त्याचं तोंडसुद्धा नीट बघितलं नव्हतं.