शिखराचा बाप

सेंबालुन गावात पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव संपतं. मुलीचं नाव राहिना असेल, तर बाप अमाक राहिना आणि आई इनाक राहिना. पहिलं नातवंड आलं की हेही नाव सुटतं आणि मरेपर्यंत त्या नातवंडाच्या नावाचा पापुक, म्हणजे आजोबा किंवा आजी, होऊन राहायचं. या रिवाजातून आपला मोठेपणा काढावा असं गावात कुणाला कधी सुचलं नव्हतं. ते साहनिपला सुचलं.

साहनिप रिंजानी या ज्वालामुखीच्या डोंगरावर पाहुण्यांना घेऊन जाणारा वाटाड्या. त्याला मुलगी झाली, तेव्हा त्याने तिचं नाव पुंचाक ठेवलं. पुंचाक म्हणजे शिखर. सुईणीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं. पण गडी ठाम होता. त्या दिवसापासून तो अमाक पुंचाक झाला, शिखराचा बाप. बायकोही फुकटात शिखराची आई झाली. ती बिचारी मिरच्यांच्या वाफ्यापलीकडे कधी गेली नव्हती.

परदेशी पाहुण्यांना यातलं काय कळणार? त्यांना वाटायचं, ही मोठी पदवी आहे. ते त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि हा हनुवटी वर करून उभा राहायचा. शेकोटीपाशी शिखराचं वर्णन तर ऐकावं. वर एक पांढरा सपाट दगड आहे, नमाजाच्या चटईएवढा. त्यावर बसलं की खालून ऊब लागते. डोंगर आपल्याला ओळखतो, असं तो हळू आवाजात सांगायचा, म्हणजे पाहुण्यांना पुढे वाकावं लागायचं.

गोष्ट इतकीच, की शिखराच्या बापाने शिखर पाहिलेलं नव्हतं.

तरुणपणी ओझी वाहताना तो एकदा निघाला होता. शेवटच्या चढाच्या भुसभुशीत वाळूत अर्ध्यावर पोचला, तेव्हा खालच्या तळ्यातला धाकटा ज्वालामुखी खोकला. थोडी राख उडाली, बाकी काही नाही. हा मात्र बसल्या जागेवरून जो घसरला तो थेट तंबूत, पँट ओली करून. त्यानंतर त्याचा रिंजानी प्लावांगानला संपायचा. प्लावांगान म्हणजे कड्यावरची तंबू ठोकायची जागा. पहाटे पाहुणे दुसऱ्या कुणाबरोबर वर जायचे आणि हा माकडांपासून भात राखायचा. ओझेकऱ्यांना सगळं ठाऊक होतं. पण कुणाला काम द्यायचं हे तोच ठरवायचा, त्यामुळे सगळ्यांनी तोंडात गुळणी धरली होती.

पुंचाक मोठी झाली. गावातल्या दोन-चार मुली वाटाड्या झाल्या होत्या, तिनेही तेच ठरवलं. पहिलं शिखर बापाबरोबर चढायचं, हा तिचा हट्ट. बापाचं कधी गुडघ्याचं दुखणं निघायचं, कधी आभाळाचं, कधी डोंगराची मर्जी नसायची. शेवटी एका टोळीबरोबर ती निघालीच. आणि पहाटे प्लावांगानला तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "अमाक, आज माकडं मी राखते. तुम्ही जा वर. तुमचा दगड वाट बघत असेल."

आता कुठे पळणार? निघाला बापडा. पहिल्या वळणावर त्याने पाहुण्यांना अमाक रुमिदा या जुन्या ओझेकऱ्याच्या गळ्यात बांधलं, मागून येतो म्हणाला आणि खडकाआड बसला. उजाडल्यावर पुंचाक झऱ्यावर पाण्याला निघाली, तर त्याच खडकाआड शिखराचा बाप घोंगडीत गुरफटून पाहुण्यांची बिस्किटं खात होता.

"मी वरूनच आलो," तो म्हणाला. मिशीला बिस्किटाचा चुरा तसाच.

पुंचाकने वरच्या चढाकडे पाहिलं. पाहुणे अजून मुंग्यांसारखे वरच सरकत होते.

"दगड आहे का?" तिने विचारलं.

"आहे की. पांढरा आहे."

ती पाणी भरायला गेली. पुढे ती स्वतः कितीदा तरी वर गेली. वर दगड होते, पण काळे, आणि बसायला एकही धड नव्हता. गावात बायकांनी खोदून विचारलं, तरी तिचं उत्तर एकच: "अमाकना विचारा." याने त्याचा अर्थ असा लावला, की लेकीने आपल्याला पाठीशी घातलं. मग काय, शेफारलाच. चटईएवढा दगड पलंगाएवढा झाला.

पुंचाकचं लग्न झालं, दिवस राहिले आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात पुन्हा किडा वळवळला. आता पापुक व्हायचं, तर शिखराच्या खालचं नाव कसं चालेल? नातवाचं नाव लांगित, म्हणजे आभाळ. पापुक लांगित, आभाळाचा आजोबा! या हावरटाने नव्या नावाची पाटीसुद्धा रंगवायला टाकली.

मुलगा झाला. नाळ पडली त्या दिवशी शेजारपाजार जमला. सुईणीने नाव विचारलं. म्हाताऱ्याने घसा साफ केला, पण आधी पुंचाकच बोलली.

"प्लावांगान."

पडवीत अमाक रुमिदाला ठसका लागला आणि तो थांबेना.

"हे काय नाव आहे?" म्हातारा म्हणाला. "तंबूची जागा आहे ती."

"हो. तुमच्या चांगली ओळखीची."

"अगं, जन्मभर तुलाही इनाक प्लावांगान म्हणतील."

"म्हणू देत. मी तिथून रोज वर जाते."

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिलाही आता हेच नाव चिकटणार होतं. ती पदराआड हसत होती. म्हणाली, "मला बाई शिखरापेक्षा हेच बरं. निदान तुम्ही पाहिलंय तरी."

नाव तोंडातून निघालं की ते फिरवता येत नाही, हा रिवाजही त्याच गावचा. दुसऱ्या दिवशी नवी टोळी आली. ओझेकरी काठ्यांना टोपल्या बांधत होते. अमाक रुमिदाने पाहुण्यांसमोर, अगदी अदबीने, हाक मारली, "पापुक प्लावांगान!"

कुणीतरी विचारलं, या नावाचा अर्थ काय? रुमिदाने तो सावकाश समजावून सांगितला. पाहुणे हसले. त्याने पुन्हा हाक मारली. म्हाताऱ्याने थोडा वेळ दोरीच्या गाठीत डोकं खुपसलं. मग तो वळला आणि "ओ" म्हणाला.