फिल्टरमधला चुरा

फ्लाइंग क्लबच्या मिस्त्रीला सगळे 'एरंडेल' म्हणत. चेहराच तसा, आणि तोंड त्याहून वाईट. त्यात क्लबचा मुख्य वैमानिक त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या रोज फोनवर तासभर बोलत, हे दोघं मात्र अकरा वर्षं फक्त भांडण्यापुरतं तोंड उघडत.

त्या सकाळी एरंडेलाने छोट्या विमानाचा ऑइल फिल्टर कापला, आतला घड्यांचा कागद उलगडून पेट्रोलमध्ये धुतला आणि ट्रेच्या तळाशी चुंबक फिरवलं. चुंबकाला चकचकीत पापुद्र्यांची दाढी फुटली. लोखंड! इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणारा दांडा, कॅमशाफ्ट, पोखरला होता. खोटं कशाला सांगा, त्याला आधी बरंच वाटलं. साडूचं तोंड आता बघण्यासारखं होणार होतं.

साडू आला तोच इंजिनाच्या दाब-चाचणीचा कागद नाचवत. "चारही सिलिंडर बघ. हवेचा दाब ऐंशीपैकी शहात्तर, सत्याहत्तर. इंजिन ठणठणीत आहे. कर सही, विद्यार्थी खोळंबलेत."

"ते पिस्टनचं आणि व्हॉल्व्हचं झालं. कॅमशाफ्टची झीज दाबात कळत नाही. इतकी वर्षं उडवतोयस, एवढीही अक्कल नाही?"

"तुला फक्त माझी अडवणूक करायचीय."

"करायचीच आहे. पण हे लोखंड काय माझ्या खिशातून सांडलं?"

"सही करायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. शेजारच्या हँगरचा मिस्त्री करून देईल." साडू तरातरा निघून गेला.

एरंडेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली तर गेली, पण हे विमान उडालं तर कुणीतरी जिवानिशी जाणार होतं. त्याने पाना उचलला आणि एक सिलिंडरच उतरवायला घेतला. सिलिंडर नसलेल्या विमानावर कुणाचा बाप सही करतो ते बघू!

शेजाऱ्याची मनधरणी करून साडू दीड तासाने परतला, तेव्हा इंजिनाला भगदाड पडलेलं होतं. तो शिव्या देत पुढे आला आणि टॉर्च मारून आत वाकला. कॅमचा उंचवटा उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता. एरंडेल हात पुसत माफीची वाट बघू लागला.

"हे एका दिवसात होत नाही," साडू म्हणाला. "मागच्या फिल्टरमध्ये काय निघालं होतं?"

मागच्या वेळी सकाळी सकाळीच दोघांचं वाजलं होतं. रागाच्या भरात एरंडेलाने जुना फिल्टर न कापताच कचऱ्यात भिरकावला होता आणि वहीत 'तपासला' लिहून सही ठोकली होती. त्यानंतर विमान पन्नास तास उडालं होतं.

"कापला नव्हता," तो कसाबसा म्हणाला.

साडूने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"माझी मुलगी यात चारदा एकटी उडालीय," तो म्हणाला. "मी नको म्हणत होतो. तर म्हणाली, काकांची सही आहे ना, मग कसली भीती?"