आबांचा व्हॉल्व्ह

कारखान्यातली नोकरी संपवून मी आणि बायको गावी, कामथडीच्या घरी राहायला आलो, त्या हिवाळ्यात मी गाणी ऐकण्यासाठी एक अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधला. आयुष्य विजेच्याच कामात गेलेलं, त्यामुळे भीती नव्हती. अ‍ॅम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा, पूर्वीच्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. त्यातला एक व्हॉल्व्ह गाण्याला हातही लावत नाही. भिंतीतून येणारी उलटसुलट वीज सरळ करायची आणि बाकीच्यांना पुरवायची, एवढंच त्याचं काम. त्याला रेक्टिफायर म्हणतात. पण शौकीन मंडळी त्याच्यावरूनही वाद घालतात. तो बदलला की अख्ख्या गाण्याचा पोत बदलतो म्हणे.

माझ्याकडे असे दोन होते. एक पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला, सडपातळ. दुसरा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. रुंद खांद्यांचा, बाटलीच्या घाटाचा. गावच्या भजनी मंडळाचं लाऊडस्पीकरचं मशीन आबा सांभाळायचे. मशीन केव्हाच गंजून गेलं, हा एवढा व्हॉल्व्ह धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला माळ्यावर सापडला. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही चालत होते.

मग रोज संध्याकाळी तुलना सुरू झाली. चहा झाला की आधी सडपातळ व्हॉल्व्ह, त्यावर एक गाणं. मग सगळं बंद करून काच निवेपर्यंत थांबायचं, आबांचा बसवायचा आणि तेच गाणं पुन्हा लावायचं. बायको शेजारी पावट्याच्या शेंगा सोलत बसायची. आबांच्या व्हॉल्व्हवर गाणं जणू मांडी घालून बसायचं. तंबोरा जरा मागे सरकायचा, गळा मऊ लागायचा.

"कळला का फरक?" मी विचारायचो.

"वाईच बारीक झालाय आवाज," ती म्हणायची. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, बोलणं अजून तिकडचंच.

"बारीक नाही, शांत झालाय."

"बरं, शांत."

जवळजवळ आठवडाभर हेच चाललं आणि रोज आबांचाच व्हॉल्व्ह सरस ठरला. मला आतून फार बरं वाटत होतं. आबांच्या हातातली एक वस्तू बाजारातल्या वस्तूला भारी पडते आहे, हे मी मनाशी घोळवत होतो.

एका संध्याकाळी आबांचा व्हॉल्व्ह बसवून गाणं लावलं, तेवढ्यात चुलत भाऊ दारात आला. त्याचं शेत आमच्या घराला लागूनच आहे.

"दादा, तुजा मीटर घिऊन चल जरा. मोटार नुसती घुमतीया, पाणी उचलत न्हाई."

मी मीटर घेऊन विहिरीवर गेलो. स्टार्टरवर तपासलं तर व्होल्टेज फारच खाली होतं.

"सगळ्यांनी एकदमच मोटारी टाकल्यात," तो म्हणाला. "शेतीची लाईट आली की पळत्यात बटणं दाबाया."

"रोज याच वेळेला येते?"

"ह्या आठवड्यात व्हय. फुडल्या आठवड्यात येळ बदलंल."

त्याला थोडा वेळ मोटार बंद ठेवायला सांगून मी परत आलो आणि घरातल्या प्लगमध्ये मीटर लावला. तिथेही व्होल्टेज पडलेलं होतं, कारण घराची आणि शेताची वीज एकाच डीपीवरून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरून येते. मग लक्षात आलं. सडपातळ व्हॉल्व्ह मी रोज चहानंतर लगेच ऐकत होतो, पंप सुरू होण्याआधी. आबांचा बसवेपर्यंत शिवारातल्या मोटारी चालू झालेल्या असायच्या. ज्याला मी आबांचा पोत समजत होतो, ती पडलेली वीज होती.

पुढच्या आठवड्यात पंप बंद असताना नीट परीक्षा घेतली. अ‍ॅम्प्लिफायरसमोर चादर बांधली. प्लग काढून, काच निवल्यावर मी ओसरीवर जाऊन बसायचो. व्हॉल्व्ह बदलायचा की तोच ठेवायचा, हे बायकोने ठरवायचं. मग मी आत येऊन ऐकायचं आणि ओळखायचं. कधी बरोबर आलं, कधी चुकलं. शेवटच्या वेळी मी छातीठोकपणे म्हणालो, "हा आबांचा."

तिने चादर बाजूला केली. सडपातळ व्हॉल्व्ह मंद तेवत होता.

मीटरवर दोघांत थोडा फरक दिसत होता, पण माझ्या कानांना तो कळत नव्हता. वाईट वाटलं ते कानांचं नव्हे. आबांचं काहीतरी हाताला लागलंय असं वाटलं होतं, ते निसटलं.

बायको माझ्याकडे बघत होती. आमच्या लग्नाआधीच आबा गेले, तिने त्यांना पाहिलेलं नाही. तिने विचारलं, "लाईट पडल्यावर आबांच्या मशीनचंबी असंच व्हायचं का?"

आणि मला गिरणी आठवली. इतकी वर्षं एकदाही आठवली नव्हती. संध्याकाळी देवळात भजन रंगात यायचं आणि पलीकडे पिठाची गिरणी सुरू व्हायची. देवळातला दिवा मंद व्हायचा, कर्ण्यातून येणारा आवाज खोल जायचा. आबा कधी गायले नाहीत. ते खांबाजवळ मशीनपाशी बसलेले असायचे. आवाज बसला की मुकाट्याने उठायचे, पायात वहाणा अडकवायचे आणि गिरणीकडे जायचे.

मी तिला हे सांगितलं. "भांडायचे?" तिने विचारलं.

"नाही. गिरणीवाल्याला 'एवढा अभंग होऊ दे रं' म्हणायचे."

"आन् त्यो ऐकायचा?"

"ऐकायचा. गिरणी थांबवून तोही आबांच्या मागोमाग यायचा. भुवयांपर्यंत पिठाने पांढरा झालेला, तसाच येऊन बसायचा. आबा त्याला जागा द्यायला सरकायचे."

ती हसली. मग आबा चालायचे कसे, जेवताना काय मागून घ्यायचे, असं एकेक विचारत राहिली. मी सांगत गेलो, आणि सांगता सांगता मी विसरून गेलेलं बरंच आठवत गेलं. गाणं लावायचं राहूनच गेलं.

आता अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आबांचाच व्हॉल्व्ह आहे. तो दुसऱ्यापेक्षा सरस नाही, हे मला ठाऊक आहे. जुना आहे, एक दिवस बंद पडेल. तोवर चालू द्यावा असं आम्ही दोघांनी ठरवलंय.